चतुःसीमा

औशाच्या तहसिलीसमोर, कडुलिंबाखाली,
एकतीस वर्षं मी खरेदीखतं लिहितो.
काल पुतणीनं रत्नागिरीहून मसुदा धाडला,
'चाचा, मराठी तेवढी बघा.'

देवमाशांसाठी राखीव पाणी.
उरलेत म्हणे शंभराच्या आत.

समुद्र मी पाहिला नाही.
आमच्याकडं तावरजा, तीही मार्चला आटते.
पण हद्द मला कळते.
पूर्वेस किनारा, खाडीच्या मुखापासून.
उत्तरेस दीपगृह. दक्षिणेस खडक, नाव नाही.
पश्चिमेस
तिनं नुसते आकडे टाकलेत, अंश आणि कला.

मी बांध शोधत बसलो.
बाभूळ, नाली, गट नंबर, कुणाची तरी विहीर,
काहीच बसेना.

'हरकत असल्यास तीस दिवसांत लेखी कळवावे.'
बंदरवाले कळवतील. ट्रॉलरवाले कळवतील.
कब्जेदाराच्या रकान्यात मात्र
अंगठा कुणाचा घ्यायचा?

शेवटी 'अधिवास' खोडून 'राहती जागा' लिहिलं,
आणि खाली, हाताच्या सवयीनं,
वहिवाट पूर्वापार.

रात्री नुसरतचा फोन. चाचा, ही ओळ कायद्यात बसत नाही.
म्हटलं, राहू दे. पेन्सिलीनं आहे.