वाऱ्याचा बाण

हॅमरफेस्टला नोव्हेंबर सरता सरता सूर्य उगवायचाच थांबतो.
टूरबियोर्ग जाळी दुरुस्त करून घरी येते,
बोटांना नायलॉनचा वास,
आणि फोनमधल्या हिरवळीवर लख्ख ऊन.

तीन महिने नाणी साठवून घेतला
सोनेरी ड्रायव्हर. ताकद नव्वद, अचूकता चाळीस.
चाळीसकडे बघितलंच नाही तिने.
चेंडू तळ्यात.
दुसराही. तिसऱ्याला तिला हसूच फुटलं.

मग काढली सात नंबरची जुनी आयर्न,
पहिल्या दिवशी फुकट मिळालेली,
आणि सरावाच्या एकाच होलवर बसली ठाण मांडून:
वारा डावीकडून अकरा, तर नेम किती डावीकडे?
विजेच्या बिलामागे पेन्सिलीचे आकडे,
खोडलेले, पुन्हा मांडलेले.
अंगठा उचलायचा क्षण
जाळीच्या सुईच्या टोकाएवढा.

वडील होडीत म्हणायचे,
वाऱ्याशी भांडू नये, त्याला त्याचं भाडं द्यावं.

काल रात्री चिलीतल्या कुणाशी तरी शेवटचा होल.
तिने नेम धरला झेंड्यापासून लांब,
थेट वाळूच्या खड्ड्यावर.
चेंडू वर गेला, वळायला लागला...

बाहेर खरा वारा पत्र्याला धडकला
आणि तिने, सवयीने,
त्याचाही आकडा मनात मांडला:
चौदा, वायव्येकडून.