चौतीस

निपाणीहून दुपारच्या गाडीनं आला डबा.
आत कोळशाच्या काळ्या जेलीत रोवलेली एक काडी,
वर नाव नाही, ११७ एवढंच.
कंडक्टरनं विचारलं म्हणे, काय हाय ह्यात, लोणचं?
सिद्धव्वा म्हणाली, होय, उन्हात ठेवू नकोस.

हा जंतू तसा राक्षस नाही.
थंडीनं मरतो, उन्हानं मरतो,
यमकनमर्डीला गाडी पंक्चर झाली तरी मरतो.
त्याला माणूसच लागतो, तोही आतून.
जुने लोक त्याला परमा म्हणत,
आणि औषध विचारत ते नेहमी
भावाच्या मित्रासाठी.

मेंढीचं रक्त तापवून केलेली तपकिरी ताटली.
ती बरणीत ठेवायची, मेणबत्ती पेटवायची, झाकण लावायचं.
ज्योत आपली आपण विझते,
उरलेल्या हवेत ह्याला बरं वाटतं.
आईला एकदा सांगितलं.
म्हणाली, दिवा लावायचा आणि गुदमरवायचा,
ही कसली गं नोकरी.

मग दुसरी ताटली, तिच्यावर औषधाच्या चकत्या.
रात्रभरानं चकतीभोवती स्वच्छ गोल पडला
तर औषध अजून चालतंय.
इकडं हद्द म्हटली की माणसं नकाशा काढतात.
मी स्टीलची पट्टी काढते.

पेनिसिलिन, गोल नाही.
सिप्रो, सहा.
सहा म्हणजे चकतीचीच रुंदी, म्हणजे काहीच नाही,
आणि मेडिकलमध्ये अजून कात्रीनं कापून देतात
त्याच दोन गोळ्या, चिठ्ठीशिवाय, खाली बघत.
अ‍ॅझिथ्रो गेल्या वर्षापासून आटत चाललंय
एप्रिलातल्या घटप्रभेगत.
राहिलं सेफ्ट्रायॅक्सोन.
पस्तीस किंवा वर, तर आम्ही चहा मागवतो.

चौतीस.

पट्टी पुसली. ताटली फिरवली. चौतीस.
एका मिलिमीटरनं आभाळ कोसळत नाही.
चकती जुनी असेल, थर जाड झाला असेल,
डोळाही माझा चाळिशीचा.
खरं...
आमच्याकडं 'खरं' म्हणजे 'पण'.
बाहेरच्यांचा घोटाळा होतो,
आज माझाही झाला.

बसलिंगला बोलावलं. आकडा सांगितला नाही.
चष्मा कपाळावर सारून तो वाकला,
ओठ हलले:
मूवत्तनाल्कू.
एक नोव्हेंबरला आम्ही दोघं
एकमेकांच्या डब्यातलं खात नाही.
आज वहीत एकाच आकड्याखाली दोन सह्या,
दोन लिप्यांत,
आणि चहाचं कुणालाच सुचलं नाही.

सिद्धव्वाला फोन लावला.
तिनं नाव सांगितलं नाही, मी विचारलं नाही.
इंजेक्शन दिलंय, म्हणाली, सोमवारी परत बोलावलंय.
तंबाखूच्या वखारीत रजा मिळाली तर येईल.
तिचा माणूस ट्रकवर.
काल रात्री कोगनोळीचा नाका ओलांडून गेला,
फोन लागत नाही.
त्याला कोण बोलावणार, बाई?
मी काय बोलणार. म्हटलं,
सोमवारी पुन्हा काडी घे,
बरं वाटत असलं तरी घे.

११७ आता छोट्या कुपीत आहे, उणे ऐंशीला.
एक वाटा मोठ्या प्रयोगशाळेकडं जाईल,
तिथले लोक पुन्हा मोजतील.
पस्तीस निघू दे, असं मनात येतं,
आणि लगेच लाज वाटते,
निघालंच नाही तर
माझी इच्छा मोजणीत कुठं धरायची?

रामदुर्गचा डबा आलाय.
११८.
बसलिंग काडेपेटी शोधतोय.
काडी अजून ओली आहे.