गळतीचा रकाना

मंगळवारी पहाटे रस्त्याच्या कामावरच्या जेसीबीने
पऱ्यालगतची मोठी लाइन फोडली.
आम्ही पोचलो तोवर
खड्ड्यात म्हशी बसल्या होत्या, गळ्यापर्यंत, सुखात.
मी पंचायतीत पाण्याचं बघते.
माझ्या वाट्याला आला एक फोन, एक वही
आणि बशीर होडेकरचा टँकर.

दहा हजार लिटर, कागदावर.
वहीत मी रकाने आखले,
खेप, वाडी, वेळ, सही, गळती.
शेवटचा वरून आलेल्या नमुन्यातला.
त्यात काय भरायचं ते वरही कुणाला माहीत नव्हतं.

हर्णैचे फोन सहाला सुरू होतात.
"बाय, टँकर कुठवर आला?"
"बारशाची माणसं आल्येत गो, तीस डोकी."
"प्यायला नको, टोपल्या धुवायला तरी दे."
विद्वांस मास्तर शुद्ध भाषेत भांडायचे,
कलमं, नियम, माहितीचा अधिकार,
आणि ठेवता ठेवता म्हणायचे,
"दोन कळश्या पुरतील. एकटाच असतो मी."

समोर समुद्र होता.
त्याबद्दल कुणी काही बोललं नाही.
इथे तो विनोद शाळेतच संपतो.

बंदरवाडीत टँकर तोंडाने शिरत नाही.
बशीर उलटा घ्यायचा,
मागे सोमा चोगले टाकीवर थाप मारत,
येऊ दे, येऊ दे, येऊ दे,
बास!
मग साठ फूट पाइप,
मध्ये सायकलच्या ट्यूबने बांधलेला सांधा.
सांध्यावर एक पोर अंगठा दाबून उभं.
निळी पिंपं रात्रीपासून रांगेत,
प्रत्येकावर ऑइलपेंटने होडीचं नाव,
माणसाचं एकावरही नाही.
हिरा पावसेचं दार सत्तराव्या फुटावर.
"तुझा पाइप वाढत नसंल," ती म्हणाली,
"तर मी घर सरकवते."
पण सरकवलं तिने पिंपच, दोन्ही वेळा,
भरल्यावर परत नेताना
आख्खी आळी तिच्या मागे लागली.

चौथ्या रात्री फोन आला मोहल्ल्यातून.
झुलेखाबी गेल्या. मय्यतीला आंघोळ घालायची होती,
घरात होतं ते तांब्याभर.
बशीर जेवत होता, हात धुवायला उठला तो
थेट गाडीत बसला.
वहीत लिहिलं : खेप सतरावी, अर्धी, वेळ ११.४०.
सहीसाठी कुणापुढे वही धरणार?
बशीर म्हणाला, "लिही, मिळालं."
मी लिहिलं, मिळालं.
आजवर त्या रकान्यात
तेवढंच अक्षर वाचता येतं.

सहाव्या दिवशी मी घाटी चढून आले.
वळणावर, जिथे भरला टँकर
पहिल्या गिअरला दम खातो,
मागचा व्हॉल्व्ह टिपकत राहतो.
तिथे जांभ्याच्या फटीत हिरवं उगवलं होतं.
एप्रिलात. बोटभर.
शेजारी ओल्या मातीत पोट टेकून एक कुत्री,
डोळे मिटलेले, कुणाचीही वाट न बघणारी.
त्या आठवड्यात गावात
वाट न बघणारं मी तेवढंच पाहिलं.

लाइन सांधली सोमवारी.
नळांना आधी हवा आली, मग लाल गढूळ, मग पाणी.
फोन गप्प झाला.
पाणी आलं, हे सांगायला
कुणी फोन करत नसतं.

ऑडिटचे साहेब वही चाळत थांबले.
"गळती, घाटीच्या वळणावर,
गवत व कुत्री. हे काय आहे?"
"गळती," मी म्हटलं.
त्यांनी त्यावर रेघ मारली, वर लिहिलं, दोन टक्के.

बशीर आता सड्यावरच्या धनगरवाडीला जातो,
दिवसाआड, पाऊस लागेपर्यंत, दरवर्षीसारखा.
तिथे लाइनच नाही,
त्यामुळे ती फुटत नाही,
त्यामुळे ते तातडीचं धरत नाहीत.
त्या वाडीची वही वेगळी आहे.
जाड आहे. दोऱ्याने शिवलेली.
मी ती अजून उघडलेली नाही.