माती दाखव

संध्याकाळचे सहा. भंडारवाड्याच्या टेकडीवर
शेवटच्या बाकड्याला रेंज बरी येते.
अक्षता फोन उलटा धरते
आणि एडिंबरा माझ्या मांडीवर येऊन पडतं, आडवं.

गल्ली एवढी अरुंद
की छत्री उघडायची तर समोरच्याला विचारावं लागेल.
पायऱ्यांवर तिचे बूट वाजतात.
"चारशे वर्षांचे दगड, आई."
वर आभाळाची एक पट्टी,
वाळत घातलेल्या पंचाएवढी.

मग बाग. मागे कड्यावर किल्ला.
एक घड्याळ, सबंध फुलांचं;
काटे खरेच फिरतात म्हणे.
राणीच्या बागेत रोपवाटिकेवर एकतीस वर्षं काढली मी.
म्हटलं, किती वाजले ते राहू दे,
माती दाखव.

ती लाजली. शेजारी लोक डबे खात होते.
मग वाकली.
"चिमूट घे. दाब. गोळी होते?"
"आई, इथं असं कुणी..."
"घे गं."
गोळी झाली. टिचकीसरशी फुटली.
बरी आहे, म्हटलं. कुणीतरी राबलंय.

राबणारा तिथंच होता.
लाल कानांचा, फावडं घेतलेला, साठीचा.
वाटलं, आता ओरडतो पोरीला.
तिनं काहीतरी सांगितलं, माझ्याबद्दल असावं;
त्यानं हातमोजा काढून
नखं कॅमेऱ्यापुढे धरली.
मी माझी धरली.
सात वर्षांत किती स्वच्छ झालीत मेली.

म्हणून मग फोन फिरवला.
खाली गोदीच्या क्रेना, गंजक्या आणि पिवळ्या,
माथारपाखाडीची कौलं,
त्यापलीकडे पाणी, त्यात उभी दोन जहाजं
आणि कुणाच्या तरी गच्चीवरची तुळस.
हे आमचं, म्हटलं. मराठीतच.

तो बराच वेळ बघत राहिला.
मग पायाखाली बोट दाखवून बोलला काही.
"म्हणतो, ही बाग आहे ना, इथं पूर्वी तळं होतं.
उपसून टाकलं."
सांग त्याला,
आमच्या बागेखाली पाणी अजून आहे.
टाकी आहे मोठी. अख्खं माझगाव पितं.

ती सांगत होती, तो मान हलवत होता,
आणि मी उगाच चप्पल काढून
गवतावर पाय ठेवला.

"ब्रेक संपला, आई. वॉर्डात जायचंय."
हात धुऊन जा, म्हटलं, माती लागलीय.
म्हणाली,
धुते.
जरा वेळानं.