शून्यावरची अकरा मिनिटं

बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात
मेण लावलेल्या कागदी तबकड्या, बशीएवढ्या,
एका तबकडीत एक अख्खा दिवस.
काठाभोवती चोवीस तास,
मध्याकडून बाहेर जाईल तसा वाढता वेग.
ट्रक चालायचा तेव्हा एक बारीक सुई
मेण खरवडत राहायची.
मधोमध बाबांचं तिरकं अक्षर: विदमंतास,
पानेवेझिस ते ग्दान्स्क,
निघताना काटा इतका, पोचताना इतका.

सोमवारी नववीच्या वर्गात डबा घेऊन गेले.
फळ्यावर लिहिलं: फलन.
म्हटलं, कुठलाही क्षण विचारा,
तो एकच वेग सांगेल, दोन नाही.
उलटं मात्र विचारू नका.
ऐंशीला विचारलंत, तू केव्हा होतास,
तर तो तुम्हाला अख्खी रात्र फिरवेल.

डोमांतास म्हणाला, आणि ते झोपले असतील तेव्हा?
तेव्हा शून्य.
म्हणजे उत्तर नाही?
शून्य हेच उत्तर आहे, म्हटलं,
आणि सीमेवरची रांग दाखवली:
शून्य, मग एक पुटकुळी,
शून्य, शून्य, पुन्हा एक पुटकुळी,
एकेक ट्रकभर पुढे सरकत सात तास.
पोरं हसली. अंगावर काटा आल्यासारखी रेघ.

मग एक तबकडी उलगडून
चौकटीच्या कागदावर आडवी अंथरली.
वक्राखालचे चौकोन मोजले, अर्धे, पाव,
कोणी बोटांवर, कोणी ओठांत.
पाचशे एकोणसाठ किलोमीटर.
बाबांचा काटा म्हणत होता पाचशे त्रेसष्ट.
चार किलोमीटर पेन्सिलीच्या जाडीत गेले,
त्याबद्दल कोणाचीच तक्रार नव्हती.

तेवढ्यात स्किरमांते:
बाई, इथं रेघ उभी पडलीय.

रात्रीचे तीन वीस. नोव्हेंबर.
ब्याऐंशीवरून सरळ तळाला.
एका क्षणाला दोन वेग? मग हे फलन कसलं?
सुई जाड असते गं, म्हटलं,
जवळ जाऊन बघितलं तर उतार सापडेल,
तीन सेकंदांचा, फार तर चार.
मी जवळ जाऊन बघितलं नाही.
त्यापुढे शून्यावर अकरा मिनिटं,
आणि त्यापुढे पहाटेपर्यंत पन्नास,
एकदाही एक्कावन्न नाही.

घंटा झाली. मी बसून राहिले.
डब्यातल्या पुढच्या तबकड्या काढल्या.
प्रत्येकीत कुठंतरी एक खळगा,
वेळ दरवेळी वेगळी:
दोन चाळीस, पाच दहा, एकदा भर दुपारी.
वेळेवरून काही जुळेना.
मग प्रत्येक खळग्यापर्यंतचं क्षेत्रफळ काढलं
आणि माझा हात थांबला.
तीनशे बारा. तीनशे अकरा. तीनशे बारा.
मासुरियातल्या तळ्यांमधला
तोच एक रस्त्याचा तुकडा,
जिथं बाबा नऊ वर्षं, काही न बोलता,
वेग कमी करत होते.

काय होतं तिथं? हरिण?
सायकलवरचं कोणी?
एका अक्षावर वेळ लिहिली होती, दुसऱ्यावर वेग.
तिसरा अक्ष त्या कागदाला नव्हता.

संध्याकाळी ते ओट्याशी बीट सोलत होते.
मी तबकडी पुढे धरली.
चष्मा कपाळावरून खाली घेतला,
तारीख वाचली,
बोट काठाकाठानं फिरवत आणलं,
घड्याळ लावावं तसं,
आणि त्या उभ्या रेघेवर अंगठा ठेवला.

ब्रेक चांगले होते, म्हणाले.

मी वाट पाहिली.
किती वेळ, ते कुठल्याच सुईनं लिहिलं नाही.
त्यांनी पुढचं बीट उचललं.

मेणावर डाग नीट धरत नाही,
तरी तीन वीसवर
एक फिकट लाल ठसा राहिलाय,
शून्यापासून ब्याऐंशीपर्यंत.