निरंक

दुपारी दीडच्या सुमाराला तो डोक्यावरून जातो,
आठशे किलोमीटर उंच, कुणाशी न बोलता.
जळगावात, पत्र्याच्या छपराखाली,
मी कूलरमध्ये बादली ओतते
आणि चित्र उतरायची वाट बघते.

आधी सातपुडा येतो, उन्हात टाकलेल्या घोंगडीसारखा.
मग तापी. मग केळीची हिरवी ठिगळं.
आणि अडावदच्या अंगाला, काल नव्हता असा
एक लाल ठिपका.

ठिपका म्हणजे पस्तीस एकरांचा चौकोन.
सगळं रान पेटलेलं असो
की बांधाच्या कोपऱ्यात कुणी लावलेली काडी,
त्याच्या लेखी दोन्ही एकच.

ठिपक्यातून रेघ निघते,
आधी सुईत ओवता येईल अशी,
मग सुटत जाते, पिंजताना उडालेल्या कापसासारखी.
तापी चालली पश्चिमेला,
धूर तिच्या उलटा, उगवतीकडे,
जणू तिच्या माहेरी निरोप पोचवायचाय.
मी माउसवर बोट ठेवून मागोमाग:
धानोरा, किनगाव, साकळी, यावल.
फैजपूरच्या अलीकडे तो इतका विरतो
की धूळ कुठली, धूर कुठला, कळेनासं होतं.
तिथे मी रेघ थांबवते.

शिकत होते तेव्हा ज्यांच्या माडीवर राहिले
त्या कोकिळाबाई भारंबेंचा संध्याकाळी फोन:
“धाब्यावर बिबडे घातले होते गं,
सगळ्यांना धुराचा वास लागला.
बघ तुझ्या यंत्रात, कोणी पेटवलं.”
मी म्हटलं, पऱ्हाट्या असतील.
“छे. पऱ्हाटीचा धूर घशात बसतो,
तुरकाट्यांचा डोळ्यांत.
हा गव्हाच्या काडाचा. गोडसर असतो.”

माझ्या तक्त्यात अक्षांश होते, रेखांश होते,
किती केल्विन तापलं तेही होतं.
गोडसर लिहायला रकाना नव्हता.
मी एक वाढवला.

रविवारी एसटीने अडावद.
धुडकूआप्पांनी वावर दाखवलं. गव्हाचंच.
काळं, अजून पायाला कोमट,
कडेच्या निंबाची एक बाजू होरपळलेली.
मी रागवायला आले होते. त्यांनी ताक दिलं.
मग लॅपटॉप उघडून मी त्यांना त्यांचा ठिपका दाखवला.
ते बराच वेळ बघत राहिले,
जुन्या लग्नाच्या फोटोत स्वतःला शोधावं तसे.
“आनी हाऊ वरला कितला वाजता जास?”
मला वाटलं, कौतुकाने विचारतात.
दीडला, मी म्हटलं. अगदी ठरलेला.
पुन्हा रात्री दीडला.

पुढचा आठवडा नकाशा कोरा.
साहेबांनी चहा मागवला,
अहवालात लिहिलं: जनजागृतीचा परिणाम.

शुक्रवारी रात्री नऊला फोन वाजला.
कोकिळाबाई लगेच काही बोलल्या नाहीत.
आधी खिडकी लावल्याचा आवाज,
मग खोकला,
मग त्यांचा तो खोल श्वास,
वरण करपलंय का बघताना घेतात तसा.

रात्री दीडला तो वरून गेला
तोवर राख गार झाली असणार.
मी दोन्ही रकाने भरले.
उपग्रह: निरंक.
फैजपूर: गहू. थोडी तूर.