गडग्यावरची काच

सकाळी सहाला काच बदलायची.
व्हॅसलिनचा हात फार जाड नको, फार पातळ नको;
घावनाच्या बिड्यावर कांद्याच्या फोडीने
तेल पुसतात, तेवढाच.
मग ती बांबूच्या टोकाला, गडग्यावर.
या अंगाला लवू मेस्त्रींची बाग,
त्या अंगाला बाबुल घाड्यांची,
आणि मध्ये मी, केंद्राच्या रोजंदारीवर,
हवेत काय आहे ते मोजणारी.

तेव्हा मतलई संपत आलेली असते.
रात्रभर जमिनीकडून समुद्राकडे गेलेला वारा
खाडीच्या तोंडाशी दमतो.
होड्या त्याच्यासोबत गेलेल्या असतात,
आणि होड्यांसोबत मोहोरावरची थोडी पांढरी भुकटी,
जाळ्यांवर, दोरखंडावर, तांडेलाच्या मिशीवर.
तिथे तिचं काही होत नाही.
बांगड्याला मोहोर येत नाही.

मग तासभर पानसुद्धा हलत नाही.
दहाच्या सुमारास दव वाळतं
आणि देठांवरच्या बारीक साखळ्या
एकेक मणी सोडू लागतात.
आवाज होत नाही. झाला असता
तर मुणग्यात माघ महिनाभर कुणी झोपलं नसतं.

बारानंतर खारा वारा.
तापलेल्या सड्यावर चढत येतो,
खालच्या फांद्यांत शिरतो, वरच्यांतून निघतो,
हाताला लागेल ते उचलतो
आणि गडगा ओलांडताना विचारत नाही
इथून पुढे कुणाचं.

संध्याकाळी सूक्ष्मदर्शकाखाली
मिठाचे चौकोन. काजूचे पराग.
फुलपाखराच्या पंखाचा एकच खवला.
कुठलीशी काळी, गाठीगाठींची, गदेसारखी बुरशी
(ती दुसऱ्याच कुठल्या पिकाच्या नशिबाची).
आणि भुरी. लांबट, पारदर्शक, निरागस.
सोमवारी नऊ. बुधवारी एक्केचाळीस.
शनिवारी मोजता मोजता चहा गार झाला.

मंगळवारी दोघे केंद्रावर आले, एकाच रिक्षातून,
कारण दुसरी नव्हती.
बाबुलकाका दारातूनच म्हणाले,
“मिया तीन फेरे गंधक मारलंय, हेना एकव मारूक नाय.
मगे ही खंयसून इली, माका सांग.
तुझ्या काचेर नाव दिसता काय कोणाचा?”

मी म्हटलं, काचेवर जात कळते, काका.
घर कळत नाही.

लवूकाकांनी नळीला डोळा लावला.
बराच वेळ वाकून राहिले, टोपी हातात.
मग म्हणाले, “तांदूळच दिसतत गो.”
असं म्हणाले की जणू कुणीतरी
अर्धपोटी पाठवलेलं असावं त्यांच्याकडे.
बाबुलकाकांनी बघितलंच नाही.
परतीच्या रिक्षात कोण कुठे बसलं, मला माहीत नाही.

ते गेल्यावर खुर्चीवरची ओढणी उचलली
आणि उचलता उचलता थांबले.
रोज लवूंच्या मोहोराखालून वाकून जाते मी,
गडग्याला पाय देऊन चढते,
काच काढते, काच लावते,
आणि बाबुलच्या बागेतून रस्त्याला लागते,
कारण तिकडून जवळ पडतं.

एक कोरी काच ओढणीवर दाबली.
पहिल्या कोपऱ्यातच शंभर झाले.
पुढे मोजलं नाही.

रजिस्टरचे रकाने छापील आहेत:
तारीख, तापमान, आर्द्रता,
वाऱ्याचा वेग, वाऱ्याची दिशा.
चालत्या बाईचा रकाना नाही.
समासात पेन्सिलीने लिहिलं,
ओढणी. आधी लवूंकडे, मग बाबुलकडे.
पेन्सिलीनेच का, ते नाही लिहिलं.

रात्री ओढणी उकळत्या पाण्यातून काढून
मागच्या दोरीवर टाकली.
मतलई सुटली होती.
समुद्राकडे तोंड करून ती फडफडत राहिली.
बाबुलकाकांना सांगायचं की नाही,
ते ती वाळेपर्यंत ठरवायचं.